पाणी किती, त्यापेक्षा त्याचा दाब किती

भूजल आणि जमिनीखालचं इंजिनिअरिंग शिकायला घेतलं की दोन विषय वेगवेगळे समोर येतात, एक हायड्रोजिऑलॉजी म्हणजे पाणी कसं मुरतं, कुठून वाहतं, विहिरीतून किती उपसता येईल, आणि दुसरा सॉइल मेकॅनिक्स म्हणजे माती किती भार पेलेल. सर वेगळे, पुस्तकं वेगळी, लॅबही वेगळी. पण मला अगदी मनापासून वाटतं की हा एकच विषय आहे, आणि त्याचं मूळ आहे मातीच्या कणांमधल्या पाण्याच्या दाबात.

सॉइल मेकॅनिक्सचा पाया घालणाऱ्या कार्ल टेरझाघीने 1920च्या दशकात हे मांडलं. वरून येणाऱ्या भारातला काही भाग कण उचलतात, काही भाग मधलं पाणी उचलतं, पण मातीला घट्टपणा येतो तो कण एकमेकांवर दाबले गेल्यामुळेच. म्हणजे पाण्याचा दाब वाढला की कणांची पकड सुटते आणि उतार घसरतो, उलट उपसा करून दाब कमी केला की कण जास्त दाबले जातात आणि चिकणमातीचे थर बसतात. कॅलिफोर्नियाच्या सॅन होआकिन खोऱ्यात शेतीसाठी एवढा उपसा झाला की 1925 ते 1977 मध्ये एका ठिकाणी जमीन जवळपास 9 मीटर खचली! आणि असा दबलेला थर पुन्हा पाणी भरलं तरी बहुतांश तसाच राहतो, पाणी साठवायची ती जागा कायमची गेली. हे मला फार गंभीर वाटतं.

मातीतून पाणी किती वेगाने वाहतं ते सांगणारा डार्सीचा नियम (1856, रेतीच्या नळकांड्यातून पाणी सोडून काढलेला) एका ओळीत पाठ होतो, खरी गंमत त्यातल्या के मध्ये, म्हणजे माती पाणी किती सहज वाहू देते त्या आकड्यात आहे. खडी आणि चिकणमाती यांच्या के मध्ये एक कोटी पटींहून जास्त फरक असू शकतो. चिकणमातीत पोकळी बऱ्याचदा रेतीपेक्षाही जास्त असते, पाणी भरपूर धरते, पण सोडत नाही.

त्यामुळे पुस्तकातल्या टेबलवरून के उचलून डिझाइन करू नका, पंपिंग टेस्ट करा. उपसा एकसारखा ठेवायचा, शेजारच्या निरीक्षण विहिरीत पातळी किती उतरली ते वेळेनुसार लिहायचं आणि सेमीलॉग कागदावर (वेळेचा अक्ष लॉगरिदमिक) मांडायचं, पुढच्या टप्प्यात बिंदू सरळ रेषेत आले की तिच्या उतारावरून ट्रान्समिसिव्हिटी, म्हणजे पाणी धरणाऱ्या थराच्या पूर्ण जाडीतून पाणी किती सहज वाहतं ते, निघते. अमेरिकन भूजलतज्ज्ञ थाइसने 1935 मध्ये याचं मूळ गणित उष्णतेच्या वहनावरून घेतलं, हे मला अजूनही भारी वाटतं. सॉफ्टवेअर नंतर शिका, आधी एकदा तरी हाताने आलेख काढा. आणि पंप बंद केल्यावर लगेच सामान आवरू नका, पातळी वर चढतानाची रीडिंग बरेचदा जास्त स्वच्छ मिळतात कारण पंपाच्या डिस्चार्जमधले चढउतार तेव्हा मध्ये येत नाहीत.