तुम्ही विचारलंत म्हणून: टॅब आणणारीच कार्ड का लिहायला लावते

प्रशिक्षण संपून चहा आला की कोणीतरी विचारतंच. कधी नवीन लागलेली सिस्टर, कधी पीएचसीचे, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, कधी नुकताच इंजिनिअर झालेला मुलगा. "मॅडम, दक्षिण सोलापुरात नोंदींसाठी टॅब तुम्हीच आणलेत ना? मग आता प्रत्येक गरोदर बाईचं कार्ड हाताने भरायचा हट्ट का धरता?" काहींना खरंच कळत नसतं. काहींना वाटतं, मी घाबरून मागे फिरले. इतकी वर्षं "दोन्ही लागतं हो" म्हणून मी विषय बदलत आले. आज सगळं सांगते.

मी यंत्राच्या विरोधात नाही, आधीही नव्हते. २०१४ मध्ये आमचा पायलट, म्हणजे टॅबचा प्रायोगिक प्रकल्प, सुरू व्हायच्या आधी एका उपकेंद्राचं गरोदर मातांचं रजिस्टर मी पानोपान वाचलं होतं. ओळीने सगळ्या बायकांचं बीपी ११०/७०. तिसऱ्या महिन्यात ११०/७०, नवव्यातही ११०/७०, एकाच निळ्या पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेलं. त्या सिस्टरला मी तेव्हाही बोलले नाही. सपाटीवरचं उपकेंद्र ५,००० लोकांसाठी असतं असं नियम म्हणतो. तिच्याकडे त्याहून बरीच वस्ती होती, आणि महिनाअखेरीला तेच आकडे पाच-सहा नमुन्यांत भरून द्यायचे होते. लिहिण्यातच दिवस जात होता, मोजायला वेळ कुठून येणार? टॅबमध्ये आकडा एकदाच टाकायचा, बीपी १४०/९० किंवा जास्त निघालं की नाव लाल होणार, आणि ते लाल नाव पीएचसीत एमओ साहेबांच्या, म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या स्क्रीनवर दिसणार. ऊसतोडीच्या टोळीबरोबर फिरणारी, गोवराचा डोस राहून गेलेली मुलं आम्हाला टॅबमधल्या यादीतूनच सापडली. रजिस्टरात ती कधीच दिसली नसती.

अडचणी आल्याच. एप्रिलच्या उन्हात स्क्रीन दिसेना, तेव्हा सिस्टर डोक्यावरून पदर पुढे ओढून त्याच्या सावलीत बोटं चालवायच्या. टॅब तापून बंद पडायचा. कानडी घरातली एकच बाई महादेवी, म्हादेवी आणि महादेवव्वा अशी तीनदा नोंदली गेली. या सगळ्यावर उपाय निघत गेले. माझ्या हट्टाचं कारण यातलं एकही नाही.

कारण माझं एक वाक्य आहे. प्रशिक्षणात एका सिस्टरने विचारलं होतं, "मॅडम, कार्डावर पण बीपी लिहू का? रकाना आहे." मी म्हणाले, "टॅबमध्ये आहे ना? मग दोनदा कशाला? कार्डावर फक्त पुढची तारीख टाका. तुमचाच वेळ वाचवतेय मी." सगळ्या हसल्या, खूश झाल्या. त्याच आठवड्यात मी वर अहवाल पाठवला की दुहेरी नोंद बंद झाली.

ती मुलगी १९ वर्षांची, पहिलटकरीण. नाव-गाव सांगणार नाही. सासर भीमेच्या अलीकडे, माहेर पलीकडे कर्नाटकात, एवढं पुरे. आठवा लागला होता. पाय इतके सुजले होते की सासूने साबण लावून जोडवी काढली होती. सोमवारी उपकेंद्रात बीपी निघालं १५०/९६, लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन, दोन प्लस. दोन्ही धोक्याच्या खुणा. सिस्टरने नीट मोजलं, दोनदा मोजलं, टॅबमध्ये टाकलं. नाव लाल झालं. "मोठ्या दवाखान्यात दाखवा," असं तिने तोंडाने सांगितलंही. सासू म्हणाली, पहिल्या खेपेला पाय सुजतातच, गुरुवारी ओटी आहे, नंतर भाऊ न्यायला येतोय, तिकडेच दाखवतील.

एरवी याच सिस्टरने काय केलं असतं? चिठ्ठी लिहून सासूच्या हातात दिली असती, संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला असता, दुसऱ्या दिवशी आशाताईला घरी पाठवलं असतं. त्या दिवशी यातलं काही केलं नाही. कारण मीच शिकवलं होतं, लाल झालं की वर आपोआप कळतं, पुढचा फोन तिकडून जाईल.

वर काही कळलं नाही. त्या गावात रेंज यायची ती मारुतीच्या पारापाशी, आणि त्या आठवड्यात लाईट नसल्याने टॉवरच बंद होता. गुरुवारी ओटी भरली. शुक्रवारी भाऊ जीप घेऊन आला आणि मुलगी नदीपलीकडे गेली. तिकडच्या आशाने तिसऱ्या दिवशी घरी येऊन कार्ड पाहिलं. कार्डावर पाळीची तारीख, धनुर्वाताच्या इंजेक्शनपुढे खूण आणि पुढच्या तपासणीची तारीख. बीपीचा रकाना मोकळा. तारीख लांब होती, म्हणून ती परत गेली. त्याच रात्री मुलीचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पहाटे झटके सुरू झाले.

दवाखान्यात ड्युटीवरच्या डॉक्टरने विचारलं, आधी बीपी होतं का? आईने कार्ड पुढे केलं. डॉक्टरने उलटंपालटं करून पाहिलं आणि पुन्हा विचारलं. आई कानडीत एवढंच म्हणत राहिली, "सिस्टरनी मशीनमध्ये लिहिलंय, मशीनमध्ये आहे."

मुलगी वाचली. बाळ गेलेलं होतं.

दोन दिवसांनी मला आशाताईचा फोन आला. मी दुपारच्या एसटीने उपकेंद्रात पोचले. टॅब चार्जिंगला लावलेला होता. सिस्टर खुर्चीवरून उठल्या नाहीत, बोलल्याही नाहीत. टॅब उघडला तर खालच्या कोपऱ्यात लिहिलेलं, पाठवायच्या नोंदी २३. त्यातली एक लाल. मी तो हातात घेऊन पारापर्यंत चालत गेले. टॉवर आदल्या रात्री सुरू झाला होता. २३ नोंदी एकेक करत गेल्या, मी उभी राहून बघत होते. परत येते तोवर सिस्टरच्या फोनवर एमओ साहेब होते. "अहो, तुमच्याकडे एक हायरिस्क दिसतेय, जरा बघून घ्या."

पुढच्या महिन्यात मी नदीपलीकडे त्यांच्या घरी गेले. मुलगी आत झोपली होती. आईने पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं ते कार्ड काढलं, रेशनकार्डाबरोबर जपून ठेवलेलं, आणि माझ्या हातात दिलं. मोडक्या मराठीत म्हणाली, "आम्ही विसरलो नाही बाई. कार्ड नेलं होतं. आमचं काही चुकलं का?"

मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. कार्डावरचा मोकळा रकाना आठवतो.

आता पुढचंही सांगायला हवं, नाहीतर मी सोयीचं तेवढंच सांगितलं असं होईल. नंतर मी त्या डॉक्टरना भेटले. ते म्हणाले, "झटके आल्यावर मी मॅग्नेशियम सल्फेट दिलं. कार्ड भरलेलं असतं तरी तेच दिलं असतं. आठवडाभर आधी कोणी पाठवली असती तर गोष्ट वेगळी." खरं आहे. झटके यायच्या आधीच हे औषध दिलं तर त्यांचा धोका निम्म्याहून खाली येतो, हे ३३ देशांतल्या सुमारे १०,००० बायकांवरच्या चाचणीने २००२ मध्येच दाखवलं होतं. म्हणजे प्रश्न त्या पहाटेचा नव्हताच, मधल्या दिवसांचा होता. आणि तिथे माझ्यातली २०१४ ची बाई अजून भांडते. ती म्हणते, कार्ड मराठीत, पलीकडची आशा कानडी वाचणारी. तिने ते वाचलं असतं कशावरून? सिस्टरने तोंडाने सांगितलंच होतं, सासूने ऐकलं नाही, त्यात टॅबचा काय दोष? आणि कागदाच्या काळात ते बीपी ११०/७० लिहिलं गेलं नसतं कशावरून? टॅब होता म्हणून निदान मोजलं तरी.

तिला मी खोडून काढू शकत नाही. मी एवढंच म्हणते, १५०/९६ हे आकडे वाचायला मराठी यावं लागत नाही, आणि ते त्या मुलीबरोबर नदी ओलांडून गेले असते. तिच्याबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ती जिथे नव्हती तिथे राहिली. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? माझी स्वतःची ओटी भरून मी सोलापुरातून बार्शीला गेले होते.

नंतर मी बरंच वाचलं. युगांडाच्या आरोग्य मंत्रालयाने २०१२ मध्ये मोबाईलवरचे असे सगळे नवे प्रयोग थांबवले होते. इतक्या संस्था आपापलं यंत्र घेऊन आल्या होत्या की एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. ते आधी वाचलं असतं तरी, ते दुसऱ्यांबद्दल आहे असंच मला वाटलं असतं. मन अडकलं ते आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या बाओबाब हेल्थ या संस्थेपाशी. तिथे दवाखान्यात टचस्क्रीन आहे, पण प्रत्येक रुग्णाजवळ स्वतःची आरोग्यवहीही असते. यंत्र नोंद घेतं, एक लेबल छापतं, आणि ते लेबल वहीत चिकटवून वही रुग्णाच्या हातात देतात. हे वाचलं त्या रात्री मी झोपले नाही. आमच्या पायलटच्या खर्चात एक लहानसा प्रिंटर बसला असता.

आणि कागद सगळीकडे जिंकतो असंही नाही. सिएरा लिओनमध्ये इबोलाच्या साथीत रुग्णकक्षात गेलेला कागद बाहेर आणता येत नव्हता, डॉक्टर कुंपणापलीकडच्या सहकाऱ्याला आकडे ओरडून सांगायचे. तिथे क्लोरीनच्या पाण्यात बुडवून काढता येईल असा टॅब करावा लागला. तिथे मी असते तर कार्डाचा हट्ट धरला नसता.

आमचा पायलट संपला, टॅब जमा झाले. २०१६ मध्ये आंध्र प्रदेशात सिस्टरांसाठी 'अनमोल' हे टॅबवरचं ॲप सुरू झालं. आता फोनवर नोंदी करणं हा सगळीकडे कामाचाच भाग आहे. रेंज नसली तर नोंद थांबते आणि नंतर जाते, हे अजूनही तसंच आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले, तेव्हा पुष्कळ जण म्हणाले, यांना शिकायचंच नाही. मला तसं म्हणवलं नाही. अडकणारा फोन आणि इंग्रजीतलं ॲप हातात देऊन वर शिकत नाही म्हणणं, हे मीही थोड्याफार फरकाने केलं होतं.

म्हणून मी हट्ट धरते. टॅब भरा, फोन भरा, पण बीपी, एचबी (हिमोग्लोबिन) आणि लघवीचा रिपोर्ट कार्डावर लिहा, मोठ्या अक्षरात, बाई खुर्चीवरून उठायच्या आत. आणि लाल झालं तर फोन स्वतः करा.

गेल्या महिन्यात मंद्रूपच्या बाजूला हेच सांगत होते. मागच्या बाकावरची एक सिस्टर, मांडीवर बाळ घेऊन बसलेली, शांतपणे म्हणाली, "मॅडम, म्हणजे परत दोनदाच लिहायचं ना? दिवसा बायका तपासते, रात्री मोबाईल भरते, दहा वाजतात. आता कार्ड पण. आमचा वेळ कोण धरणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला तसंच सांगितलं. तिने मान हलवली आणि वहीत तीन रकाने आखून घेतले.