तो मुद्दाम करत नाही

आज पालकसभेत चौथीतल्या एका मुलाचे बाबा म्हणाले, "मॅडम, मोबाईलवर तासन्‌तास बसतो, मग अभ्यासालाच कसली चुळबुळ? नाटकं आहेत सगळी." पोरगा शेजारी शर्टाचं बटण फिरवत बसलेला. फार वाईट वाटलं.

आपण कामाला लागलो की मनाला भटकवणारं मेंदूतलं जाळं शांत व्हावं लागतं आणि लक्ष देणारं जागं. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा अशी मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्था) असलेल्या बऱ्याच मुलांत ही अदलाबदल नीट होत नाही, असं स्कॅनच्या अभ्यासांत दिसलंय. मोबाईल क्षणोक्षणी बक्षीस देतो, पाढे देत नाहीत. २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांना आढळलं, की मेंदूचा बाहेरचा थर सर्वांत जाड होण्याचं वय इतर मुलांत साधारण साडेसात वर्षं, या मुलांत साडेदहा. उशीर आहे, उद्धटपणा नाही! (निदान मात्र स्कॅनवरून होत नाही. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरच गाठायचे, तसं बाबांना सांगितलंय.)

उद्यापासून तो पहिल्या बाकावर. गणितं दोन-दोनच द्यायची, मध्ये फळा पुसायला उठवायचं. ज्यांच्या वर्गात असं मूल आहे त्या शिक्षकांनी काय केलं, कमेंटमध्ये जरूर लिहा. मला खरंच हवंय.