स्टिकर गाडीला, पाय माझा

व्हीलचेअरचं निळं चिन्ह कोल्हापुरात कुठल्याही रेडियमवाल्याकडं मिळतं. ‘आई अंबाबाई प्रसन्न’ आणि ‘नाद खुळा’ यांच्या मधे टांगलेलं असतं. पैसे दिले की तुमचं. कुणी कार्ड बघत नाही, पाय तर नाहीच नाही. माझ्या गाडीवर ते आहे आणि आमच्या गल्लीतल्या एका धडधाकट पोराच्या बुलेटवरही आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, “काका, लोक जरा दमानं घेत्यात.” मी काय बोलणार? मलाही त्या स्टिकरचा उपयोग तेवढाच होतो.

मला लहानपणी पोलिओ झाला. उजव्या पायात मांडीपर्यंत कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी धातूच्या पट्ट्यांची चौकट. मार्केट यार्डात गुळाच्या आडत दुकानात हिशेब बघतो, हंगामात रात्री नऊ-नऊ वाजतात. स्कूटरला मागं दोन्ही बाजूंना जादा चाकं बसवलीत. चाकं काय, गॅरेजवाला दुपारपर्यंत बसवून देतो. त्याची आरसीवर नोंद करून घेणं हे खरं काम. नुसती चाकं लावून फिरणाऱ्यांना माझं सांगणं आहे, नोंद करून घ्या. अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा तेच विचारते. आणि नवी गाडी घेणार असाल तर नोंदणीच्या फॉर्म २० मध्ये मालकीच्या रकान्यात ‘दिव्यांगजन’ हा पर्याय ऑक्टोबर २०२० च्या अधिसूचनेनं आलाय. शोरूममध्ये आपणहून कुणी सांगेल याची वाट बघू नका.

एवढं सगळं केलं की गाडी कागदोपत्री अपंगाची होते. गाडी, मी नव्हे. माझी सगळी तक्रार इथंच आहे.

पावसाळ्यात किंवा लांब जायचं असलं की मी भाच्याच्या कारमधून जातो. त्याच्या आरसीवर कसलीच नोंद नाही, असायचं कारणही नाही. मागच्या दिवाळीत कपडे घ्यायला एका मोठ्या दुकानात गेलो. दारासमोर पिवळ्या रंगात व्हीलचेअर रंगवलेली जागा होती. तिच्यावर दोन मोपेड, एक कुंडी आणि रखवालदाराची खुर्ची. भाच्यानं काच खाली करून जागा मागितली.

“ही अपंगांची हाय, साहेब.”

“मग अपंगच आहेत. मामा आहेत माझे.”

रखवालदारानं गाडीच्या पुढच्या काचेकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी शर्ट-पँटमध्ये नीटनेटका बसलेला. बसलेल्या माणसाचा कॅलिपर दिसत नाही. “स्टिकर न्हाई की ओ,” म्हणाला. माझं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, मी खिशातून काढून दाखवलं. पिवळी पट्टी असलेलं, म्हणजे चाळीस ते ऐंशी टक्के अपंगत्वाचं. त्यानं ते उलटसुलट केलं आणि विचारलं, “किती वेळ लागंल?”

त्याच्यावर माझा राग नाही. त्याला कुणी काही शिकवलेलंच नाही. पण त्या दिवशी आम्हाला दुसरीकडं, दोन गाड्यांच्या मधे, चिकटून गाडी लावावी लागली, आणि तिथं काय होतं ते ज्यांच्या पायात कॅलिपर नाही त्यांनी एकदा ऐकावं. गाडीत बसताना गुडघ्याचा खटका सोडून पाय दुमडावा लागतो. उतरताना दार पूर्ण उघडायचं, पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर काढायचा, सरळ करायचा, कडी खाली सरकून ‘खट्’ झालं की मगच त्यावर भार टाकायचा. सरळ झालेला पाय तिफणीच्या दांड्यासारखा आडवा बाहेर येतो. शेजारच्या गाडीचं दार मधे असलं तर खटका बसतच नाही, आणि खटका न बसता उभा राहिलो तर खाली. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत अपंगांच्या राखीव जागेची रुंदी ३.६ मीटर सांगितली आहे ती याच्यासाठी. इमारतीच्या दारापासून ३० मीटरच्या आत, हा आकडा लोकांना पटतो. रुंदीचा पटत नाही. “एवढ्यात दीड गाडी बसंल,” म्हणतात. तो अर्धा भागच माझा आहे, भावांनो.

माझी थोरली बहीण कॅलिफोर्नियात असते. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिला तिथल्या मोटार वाहन खात्यानं लाल रंगाचं प्लॅकार्ड दिलं. ते तात्पुरतं असतं, जास्तीत जास्त १८० दिवसांचं, फी सहा डॉलर, फॉर्मवर डॉक्टरची सही. कायमचं अपंगत्व असलं तर निळं, आणि ते फुकट. गाडी उभी केली की आरशाला अडकवायचं, चालवताना काढून ठेवायचं. नंबरप्लेटही मिळते, पण ती एका गाडीची. प्लॅकार्ड मात्र माणसाचं: लेकाची गाडी, शेजारणीची गाडी, भाड्याची गाडी, ती ज्यात बसेल त्यात चालतं. ती गाडीत नसताना लेकानं ते लावून जागा अडवली तर २५० ते १००० डॉलरपर्यंत दंड. शेजारचे तिरके पट्टे मारलेले असतात तिथं तर प्लॅकार्डवाल्यानंही गाडी लावायची नाही, ती जागा दार उघडायला आणि व्हीलचेअर उतरवायला. ताई म्हणाली, “तिथं कुणी दोन मिनिटांसाठीसुद्धा उभं राहत नाही रे.” मला तर तिचा हेवाच वाटला.

आपल्याकडं त्यासाठी नवं काही शोधायला नको. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात ४० टक्के अपंगत्वाची अट आहे, डॉक्टरांच्या बोर्डानं तपासून दिलेलं यूडीआयडी कार्ड आहे, त्यावर नंबर आहे, फोटो आहे. त्याच नंबरावर महापालिकेनं एक हिरवं-निळं कसलंही कार्ड छापून द्यावं, काचेत ठेवण्याजोगं, माझ्या नावाचं. रेडियमवाल्याला ते कापता येणार नाही आणि बुलेटवाल्या पोराला मिळणार नाही. गैरवापर होईल असं म्हणणारे भेटतात. होईल की! आज होतोय त्यापेक्षा कमी होईल, आणि ज्याचा होईल त्याचा नंबर तरी सापडेल.

नसीमा हुरजूकांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था ज्या गावात सुरू केली त्या गावानं हे आधी करावं, एवढं म्हणायचा मला हक्क आहे. अर्ज लिहून ठेवलाय. यूडीआयडी असलेल्या अजून काहींच्या सह्या हव्यात. मार्केट यार्डात दुपारी दोन ते चार मी निवांत असतो. दुकानाच्या दारात लावायला भरपूर जागा आहे, दार पूर्ण उघडतं.