पादत्राणे ते पायताण : आमची वाटचाल

आबांनी १९९१ साली कोल्हापुरात चपलांचं दुकान टाकलं, तेव्हा जाहिरात म्हणजे दारावरची पाटी आणि गिऱ्हाइकानं गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाव. अंबाबाईचं दर्शन घेऊन बाहेर पडलेला माणूस कोल्हापुरी घेतल्याशिवाय गाव सोडत नसे, आणि त्यातले थोडे आमची पायरी चढायचे. माल सुभाषनगरातल्या चार घरांतून यायचा. आजही त्याच घरांतून येतो. दोन घरांत आता पुढची पिढी रापी धरून बसली आहे.

वेबसाइट २०११ मध्ये झाली. मी तेव्हा कॉलेजात होते, हट्ट माझाच. आमची बिलबुकं छापणाऱ्यानं मजकूर लिहून दिला आणि त्याच्या ओळखीच्या मुलानं साइट बांधली. सगळ्यात वर सोनेरी अक्षरांत ‘दर्जेदार पादत्राणांचे माहेरघर’. आबांना ते फार आवडलं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी कॉम्प्युटरवर पत्ता टाकून साइट दाखवायचे. ज्याला पत्ताच ठाऊक नाही त्याला ती कशी सापडणार, हा प्रश्न नऊ वर्षं आमच्यापैकी कुणाला पडला नाही.

पडला तो मार्च २०२० मध्ये. मंदिर बंद, दुकान बंद, लग्नसराईसाठी भरलेला माल माळ्यावर तसाच. चार घरांतले कारागीर रोज फोन करायचे आणि मला उत्तर सुचायचं नाही. एका रात्री मोबाइलवर ‘कोल्हापुरी चप्पल’ टाकून शोधलं. पानामागून पानं चाळली. दिल्लीचे विक्रेते दिसले, मुंबईचे दिसले, रबरी तळाच्या चपला कोल्हापुरी म्हणून विकणारे दिसले. आम्ही कुठेच नव्हतो. मग दुकानाचं पूर्ण नाव मराठीत टाकलं. तरीही नाही. त्या रात्री मला खरंच रडू आलं. तीस वर्षांचं नाव, आणि जगाच्या लेखी आमचा पत्ताच नाही.

पुण्यात कॉम्प्युटरमध्ये काम करणाऱ्या चुलतभावाला फोन लावला. त्यानं साइट उघडून बघितली आणि म्हणाला, “ताई, तुझ्या साइटवर गूगलनं वाचावं असं काहीच नाही.”

त्यानं जे समजावलं ते इथं सविस्तर लिहिते, कारण जुनी मराठी साइट असलेल्या कितीतरी दुकानांची आजही हीच गत आहे. आमचा मजकूर छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता. त्या फॉन्टांत ‘क’चा आकार एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेला असतो. फॉन्ट मशीनवर असेल तर डोळ्यांना छान मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, एकमेकांशी काही संबंध नसलेली. माणूस मराठी वाचतो, गूगल कचरा वाचतो. कुणी देवनागरीत ‘चप्पल’ शोधलं तर आमच्या पानावर तो शब्द नव्हताच. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत, लिहिलेलं मराठी तेवढं मराठी म्हणून ओळखलं जातं. आणि दरपत्रक? ते तर अख्खंच्या अख्खं एक चित्र होतं.

शिवाय प्रत्येक पानाचं शीर्षक ‘होम’. फोटोंची नावं कॅमेऱ्यानं दिलेली तशीच, नुसते आकडे. पानाच्या पोटात लपवलेली साठ-सत्तर कीवर्डांची, म्हणजे लोक शोधतील अशा शब्दांची, यादी होती, तिला गूगल मोजत नाही हे गूगलनं २००९ मध्येच जाहीर केलेलं होतं. म्हणजे आमची साइट जन्माला आली तेव्हाच तो उपाय मेलेला होता.

मंदिरं नोव्हेंबर २०२० मध्ये उघडली, गिऱ्हाईक हळूहळू परतलं, पण मी ठरवलं होतं की पुन्हा एकाच पायरीच्या भरवशावर राहायचं नाही. नवी साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बांधायच्या तयार सोयीवर, करून घेतली. सगळा मजकूर युनिकोडमध्ये नव्यानं टाइप केला, रात्री जेवणं झाल्यावर, मी आणि माझी जाऊ दोघींनी मिळून. साइट सुरू झाली आणि आम्ही वाट बघत बसलो. एक महिना, दोन महिने, चार महिने. काही नाही.

आता हे सांगताना अजूनही घशाशी येतं. साइट बांधताना अर्धवट पानं कुणाला दिसू नयेत म्हणून एका चौकटीत खूण केलेली असते : सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये. काम झाल्यावर ती खूण काढायची असते. ती कुणी काढलीच नव्हती. चार महिने आम्ही दुकानाचं शटर आतून ओढून बाहेर गिऱ्हाईक का येत नाही म्हणून बसलो होतो. हे कळलं ते सर्च कन्सोलमुळे. गूगलचीच फुकट सोय आहे. साइट आपली आहे हे एकदा सिद्ध केलं की कोणती पानं नोंदली, कोणती नाकारली आणि का, हे ती सांगते. चौकट रिकामी केली, साइटमॅप म्हणजे साइटवरच्या पानांची यादी गूगलला पाठवली, आणि पहिली पानं दिसायला लागली. साइट नवी असो वा जुनी, त्या एका चौकटीकडे आधी बघा, ही माझी कळकळीची विनंती.

मधल्या काळात एका एजन्सीचा माणूस येऊन गेला. म्हणाला, तीस दिवसांत पहिला नंबर, पाचशे लिंका, म्हणजे दुसऱ्या साइटींवरून आमच्याकडे येणारे दुवे. भावानं स्पष्ट नको म्हणून सांगितलं. विकतच्या लिंका हा गूगलच्या नियमांचा भंग आहे आणि २०१२ पासून अशा साइटी मागे ढकलल्या जातात. पहिल्या नंबरची हमी जो देतो, तो आपल्या हातात नसलेली गोष्ट विकतो.

खरी गाडी रुळावर आली ती शब्दांवरून. नव्या साइटवरही मी ‘पादत्राणे’ हाच विभाग ठेवला होता, आबांच्या शब्दाला मान म्हणून. सर्च कन्सोलमध्ये लोक काय टाइप करून आपल्यापर्यंत आले त्याची यादी मिळते, मागच्या सोळा महिन्यांची. त्या यादीत पादत्राणे हा शब्द एकदाही नव्हता. लोक लिहीत होते कोल्हापुरी चप्पल, कोल्हापुरी चप्पल किंमत, ओरिजनल कोल्हापुरी कशी ओळखायची, कापशी चप्पल, करकर वाजणारी चप्पल. बरेच जण रोमन लिपीत, एक ‘पी’ की दोन, याचा मेळ नसलेले.

ती यादी घेऊन मी सुभाषनगरात मामांकडे गेले. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने कारागीर. ते कान कापत होते, कान म्हणजे चपलेच्या दोन्ही अंगांना येणारी ती पाकळी. हात न थांबवता म्हणाले, “पादत्राणे? आमच्यात कोण म्हणतंय तसं? पायताण म्हणत्यात. आन् गिराईक चप्पल म्हणतंय. तू कुणासाठी लिहितीस?”

मी घरी येऊन विभागाचं नाव बदललं. मग महिनाभर दुकानातला फोन मीच उचलला आणि गिऱ्हाइकाचा प्रत्येक प्रश्न त्याच्याच शब्दांत वहीत उतरवला. नवी चप्पल चावते, काय करू? पावसात चालेल का? अंगठा घट्ट होतो. अमेरिकेत मुलाला पाठवायची आहे, माप कसं कळवू? एकेका प्रश्नाचं एकेक पान झालं. वर प्रश्न तसाच, खाली उत्तर.

सगळ्यात जास्त वाचलं जातं ते मापाचं पान. ते लिहायला मला आठ दिवस लागले. कागद फरशीवर ठेवा, टाच भिंतीला टेकवा, पेन्सिल उभी धरून पायाभोवती रेघ ओढा. तिरकी धरली की माप चुकतं. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पाय मोजा, मोठा असेल तो धरा. माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. चप्पल पहिल्या दिवशी जरा घट्टच असू द्या, चामडं पायावर सैल होतं. मामांनी स्वतःच्या पायाचा कागद करून दिला, त्याचाच फोटो तिथं आहे. त्या पानाआधी बाहेरगावी पाठवलेल्या मालातला बराचसा माप चुकलं म्हणून परत यायचा. आता परत आलेलं पार्सल दिसलं की आम्हाला आश्चर्य वाटतं. म्हणजे पान लिहिलं सर्चसाठी, पण फायदा झाला तो कुरिअरच्या खर्चात आणि कारागिराच्या मेहनतीत.

पावसाच्या पानावर मी खरं लिहिलं : चालणार नाही. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं पाणी पितं, तळ फुगतो, वादीची शिवण सैल पडते. भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात किंवा चुलीपाशी नको. आबांना वाटलं, असं लिहिल्यानं विक्री घटेल. तसं झालं नाही. उलट लोक फोनवर म्हणतात, तुम्ही खरं लिहिलंय म्हणून तुमच्याकडून घेतो.

फोटोंचं थोडक्यात सांगते. भारी कॅमेऱ्यानं काढलेले फोटो जसेच्या तसे चढवले होते, आणि गडहिंग्लजच्या गिऱ्हाइकाच्या साध्या मोबाइलवर पान उघडेपर्यंत तो कंटाळून निघून जायचा. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असं गूगलचं माप आहे. फोटो बारीक केले, प्रत्येकाला नाव दिलं, ‘कापशी चप्पल, गोंड्याची’ असं साधं. तेवढं पुरलं.

गावात येणाऱ्यांसाठी मात्र वेबसाइटपेक्षा नकाशा महत्त्वाचा. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवर, म्हणजे नकाशावर दिसणाऱ्या दुकानाच्या नोंदीत, आमची खूण मागच्या बोळात पडली होती आणि लोक तिथल्या घरांची दारं वाजवायचे. खूण सरकवली, सणासुदीच्या वेळा भरल्या, सोमवारी बंद तेही लिहिलं. जवळपासच्या शोधात गूगल तीन गोष्टी बघतं : शोधाशी मेळ, अंतर आणि दुकानाची ख्याती. अंतर आपल्या हातात नाही, बाकीचं आहे. प्रत्येक अभिप्रायाला मी मराठीत उत्तर देते, तक्रारीला आधी.

२०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ठरलेल्या भागातल्याच मालाला हे नाव लावायचा हक्क, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. त्यावर आम्ही एक पान आधीच लिहून ठेवलं होतं : कोणते जिल्हे, चामडं कसं कमावतात, खिळा न वापरता शिवण कशी घालतात, खरी चप्पल हातात घेऊन कशी ओळखायची. ते पान दोन वर्षं जवळजवळ झोपून होतं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या सँडल कोल्हापुरीसारख्या दिसल्या, आणि आठवडाभर सगळा देश तेच शोधत होता. त्या दिवसांत आमच्या साइटवर सगळ्यात जास्त लोक आले ते त्या झोपलेल्या पानावर. त्या गर्दीत घाईनं नवं काही लिहून उपयोग झाला नसता. तिथं जुनं, नीट लिहिलेलं पान हवं होतं, आणि ते आमच्याकडे होतं. त्या आठवड्यात मामांच्या नातवानं रात्री जागून काम केलं.

आता गूगल वरच्या वर एआयचं उत्तर देऊन टाकतं. ‘चप्पल कशी साफ करावी’ असल्या पानांवर येणारे लोक त्यामुळे कमी झाले, हे मला दिसतं आणि त्याचं वाईटही वाटतं. पण ज्याला पायाचं माप पाठवायचं आहे, त्याला शेवटी माणूसच लागतो.

सध्या दुरुस्तीचं पान लिहायला घेतलं आहे. तुटलेला अंगठा, उसवलेली वेणी, झिजलेली टाच. काय नीट होतं आणि काय नाही. मामा सांगतात, मी मोबाइलमध्ये रेकॉर्ड करते आणि रात्री उतरवते. काल टाचेपाशी आलो होतो. मामा म्हणाले, “टाचंचं लिव, पन आदी इचार की चप्पल कुणाची हाय. बापाची असली तर दर धरायचा न्हाई, नीटच करून द्यायची.” मी ते वाक्य तसंच ठेवलं आहे.