जंपस्टार्टनंतर उद्भवणारे बिघाड

बरेच दिवस उभी असलेली आमच्या शेजारच्या काकांची गाडी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून सुरू झाली खरी. परंतु त्यानंतर म्युझिक सिस्टीम बंद, चालकाच्या काचेचे ऑटो बटण निकामी आणि डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा पिवळा दिवा, असा प्रकार झाला. यांपैकी काच आणि स्टिअरिंग यांची फारशी धास्ती घेऊ नये. व्होल्टेज फार खाली गेले की या यंत्रणा आपली नोंद विसरतात. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवले आणि गाडी थोडी फिरवली, की बहुतेक गाड्यांत दोन्ही गोष्टी पूर्ववत होतात.

म्युझिक सिस्टीमचा मात्र फ्यूज उडाला होता; आतली पट्टी मधोमध तुटून प्लास्टिक काळवंडले होते. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घालावा, कारण १० च्या जागी २० घातल्यास फ्यूजऐवजी वायरिंग जळते.

यानंतर बॅटरीला मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजण्याचे यंत्र, लावावा. पूर्ण चार्ज बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, तर इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ अपेक्षित असतात. तेव्हाही आकडा १२ च्या आसपासच रेंगाळला, तर अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारे जनित्र) किंवा मुख्य फ्यूज यांवर संशय घ्यावा. केबल उलट जोडल्या गेल्यास बहुधा हा फ्यूज आणि अल्टरनेटरचे डायोडच आधी बळी पडतात. काही गॅरेजवाले थेट ईसीयू, म्हणजे इंजिनचे नियंत्रण करणारा संगणकच, बदलण्याचा सल्ला देतात (खर्च अर्थातच आपला!), परंतु त्याआधी बॅटरीच्या टर्मिनलांवरची पांढरट-हिरवी भुकटी खरवडून क्लॅम्प घट्ट आवळून पाहावेत.