तीस मीटर पळणे आणि तीन मिनिटे थांबणे

ठाण्यात वर्तकनगरच्या बाजूला ज्या मैदानावर आम्ही सकाळी सराव घेतो, तेथे मागच्या हिवाळ्यात एका मुलीचे वडील सराव संपल्यावर माझ्याजवळ आले आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, "सर, राग मानू नका, पण तासाभरात आमची मुलगी सहा वेळाच पळाली. बाकीचा वेळ नुसती उभी होती." त्यांचे निरीक्षण अचूक होते. ती सहाच वेळा पळाली होती, प्रत्येक वेळी ३० मीटर, आणि दोन धावांच्या मध्ये मी तिला घड्याळ लावून तीन मिनिटे थांबवले होते. त्या दिवशी मी त्यांना दिलेले उत्तर घाईचे होते. हाच प्रश्न इतर पालकांच्या आणि काही क्रीडाशिक्षकांच्याही मनात असतो, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे मैदानावर वेग आणि दम या दोन्ही गोष्टी "स्टॅमिना" या एकाच शब्दात कोंबल्या जातात, आणि त्यातूनच बराचसा घोटाळा होतो. पूर्ण ताकदीने पळताना पहिल्या काही सेकंदांत स्नायू मुख्यतः स्वतःजवळ साठवलेल्या क्रिएटिन फॉस्फेट या झटपट ऊर्जा देणाऱ्या रसायनावर काम करतात. हा साठा लवकर संपतो आणि तो जवळजवळ पूर्ववत व्हायला तीन ते पाच मिनिटे लागतात. अर्ध्या मिनिटात पुन्हा पळायला लावले तर खेळाडू पळतो, घामही गाळतो, परंतु तो स्वतःच्या सर्वोच्च वेगाच्या बराच खाली पळतो. शरीर ज्याचा सराव करते तेच शिकते, त्यामुळे दमलेल्या अवस्थेतील दहा धावांनी दम वाढेल, पण त्याच धावा मुलाला संथ पळण्याची सवयही लावतील. दर १० मीटरला सुमारे एक मिनिट विश्रांती हा धावप्रशिक्षणातील जुना ठोकताळा मी पाळतो, आणि वेग घसरू लागला की सराव तेथेच थांबवतो. मुलाला अजून दोन धावा हव्या असतात, त्याचे पालक पाहत असतात, अशा वेळी "आज बास" म्हणणे मला अजूनही सोपे जात नाही.

याबाबतचा माझा आग्रह केवळ वाचनातून आलेला नाही. महाविद्यालयात असताना आम्हाला आधी मैदानाचे राऊंड मारायला लावत आणि मग १०० मीटरच्या दहा धावा, मध्ये फक्त चालत परत येण्याएवढी उसंत. शिकवणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि ते स्वतः आमच्या आधी मैदानावर हजर असत. पण एका मोसमाच्या अखेरीस माझी वेळ सुरुवातीपेक्षा वाईट झाली होती, आणि अशाच एका सरावातील आठव्या धावेत माझा हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीचा मागचा स्नायू, फाटला. त्यानंतर ते वर्ष माझ्यासाठी संपलेच.

वेग म्हणजे पाय भराभर हलवणे, हा दुसरा समज. अमेरिकेतील संशोधक पीटर वेयँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की सर्वोच्च वेगात असताना पाय हवेतून पुढे आणायला वेगवान आणि संथ धावपटूंना लागणाऱ्या वेळेत फारसा फरक नसतो. फरक असतो तो जमिनीवर किती जोर लावला जातो यात. उत्तम धावपटूचे पाऊल त्या वेगात सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळ जमिनीला टेकते आणि तेवढ्यात त्याला शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर द्यावा लागतो. म्हणून मी मुलांना "पाय उचल, पाय उचल" असे ओरडून सांगणे सोडून दिले आहे. सुरुवातीच्या पावलांसाठी "जमीन मागे ढकल" आणि पूर्ण वेगात आल्यावर "जमिनीला वरून ठोक" एवढ्याच सूचना देतो, आणि त्याही धाव सुरू होण्याआधी.

या दोन सूचना वेगळ्या असण्याचे कारण असे की वेग घेणे आणि वेगात असणे ही निरनिराळी कामे आहेत. पहिल्या काही पावलांत शरीर पुढे झुकलेले असते, पाऊल जमिनीवर जास्त वेळ राहते आणि जोर मागच्या दिशेला जातो. नंतर शरीर हळूहळू सरळ होते आणि जोर मुख्यतः खाली जातो. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटरमध्ये ९.५८ सेकंदांचा विक्रम केला, त्याचे २० मीटरचे टप्पे मी मुलांना फळ्यावर लिहून दाखवतो: २.८९, १.७५, १.६७, १.६१ आणि १.६६. सर्वांत वेगवान टप्पा ६० ते ८० मीटरचा आहे आणि शेवटच्या टप्प्यात जगातला सर्वांत वेगवान माणूसही मंदावला आहे. शेवटी "जोर काढायचा" असतो असे मानणाऱ्या मुलांना हे आकडे पाहून धक्का बसतो. शाळकरी मुले मात्र साधारण ३० ते ४० मीटरमध्येच आपल्या सर्वोच्च वेगाला पोहोचतात, त्यामुळे त्यांच्याकडून रोज १०० मीटर पळवून घेण्याचे मला काही प्रयोजन दिसत नाही.

माझ्या गटात धावपटू थोडे आहेत. खो-खोच्या मुली आणि फुटबॉलची मुले अधिक. खो-खोत दोन खांबांमधले अंतरच मुळी २४ मीटरच्या आसपास असते आणि खो मिळताच बसलेल्या खेळाडूला उठून दोन-तीन पावलांत वेग घ्यावा लागतो. तेथे पहिल्या पावलाची दिशा आणि नडगीचा कोन यांवर बरेच काही ठरते. ज्या मुलीच्या वडिलांचा वर उल्लेख केला, ती उठताना आधी सरळ उभी राहत असे आणि मगच पळू लागत असे, म्हणजे तिचे पहिले पाऊल जवळजवळ वायाच जात होते. आम्ही दोन महिने बसलेल्या स्थितीतून १० मीटरच्या धावा केल्या, कधी माझ्या हाकेवर, कधी दुसऱ्या मुलीने पाठीवर दिलेल्या खोवर. क्रिकेटच्या मुलांची गोष्ट वेगळी. एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंत १७.६८ मीटर असतात आणि दुसरी धाव घ्यायची तर तेथे थांबून वळावे लागते. त्यांना वेग आवरायला शिकवणे हे वेग घ्यायला शिकवण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

फुटबॉलच्या मुलांबाबत मात्र मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडून २० मीटरपेक्षा लांब धावा घेतल्याच जात नाहीत, कारण सामन्यातल्या धावा छोट्या असतात आणि लांब पळवले तर हॅमस्ट्रिंग जाईल अशी भीती असते. पण सामन्यात खेळाडू अनेकदा आधीच सावकाश पळत असतो आणि तेथून झेप घेतो, त्यामुळे थोड्या अंतरातही तो सर्वोच्च वेगाजवळ पोहोचतो. हॅमस्ट्रिंगवर सर्वाधिक ताण येतो तो याच वेगात, पाय पुढे येऊन जमिनीला टेकण्याच्या थोडा आधी. सरावात हा ताण कधीच न अनुभवलेल्या स्नायूला तो पहिल्यांदा सामन्यात भेटतो. म्हणून आठवड्यातून एकदा, अंग नीट गरम केल्यावर, सपाटीवर २० मीटर हळूहळू वेग वाढवणे आणि पुढचे २० मीटर पूर्ण वेग अशा तीन-चार धावा मी त्यांच्याकडून करून घेतो. त्याच्या जोडीला नॉर्डिकचा व्यायाम असतोच: गुडघ्यांवर बसायचे, जोडीदाराने घोटे धरायचे आणि शरीर सावकाश पुढे सोडायचे. मुलांना तो अजिबात आवडत नाही.

मोजमापाबद्दल थोडेसे. हाताने लावलेल्या स्टॉपवॉचची वेळ विद्युत यंत्रापेक्षा चांगली दिसते. १०० मीटरसाठी हा फरक ०.२४ सेकंद धरतात. ३० मीटरच्या धावेत एवढ्या फरकात महिन्यांची मेहनत लपून जाते. म्हणून फक्कीच्या दोन रेघा मारून मी मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांच्या गतीने चित्रण करतो आणि घरी बसून चित्रे मोजतो. वेळखाऊ काम आहे, पण कोणाचे पाऊल जमिनीवर रेंगाळते तेही त्यात दिसते.

पावसाळ्यात आमच्या मैदानाचा चिखल होतो आणि त्यावर पूर्ण वेगाने पळवणे धोक्याचे असते. त्या चार महिन्यांत उघडीप मिळाली की आम्ही उपवनकडून येऊरला चढणाऱ्या रस्त्यावर, वर्दळ सुरू होण्याआधी, २० मीटरच्या चढाच्या धावा करतो. चढावर शरीर आपोआप पुढे झुकते, मागे ढकलण्याचा अर्थ न सांगता कळतो आणि वेग कमी असल्याने हॅमस्ट्रिंगवरचा ताणही कमी राहतो. उतरताना सर्वांनी चालतच यायचे, हा नियम आहे. ऑक्टोबरमध्ये मैदान वाळले की पहिले दोन आठवडे नव्वद टक्के जोरानेच पळायचे आणि त्यानंतरच फक्कीच्या रेघा पुन्हा मारायच्या, असे या वर्षीही ठरवले आहे.