सात मार्क

१३ ऑगस्ट २०१९ ला सीए फायनलचा निकाल लागला, तेव्हा सांगलीतलं पाणी नुकतं उतरायला लागलं होतं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या आठवड्यात कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. आमचं घर नदीकाठच्या सांगलीवाडीत, त्यामुळे आम्ही सगळे विश्रामबागला मावशीकडे. दोन खोल्यांत नऊ माणसं, आणि रेंज गच्चीवर टाकीपाशी उभं राहिलं तरच. तिथंच निकाल बघितला. फायनलचे दोन ग्रुप असतात. माझा दुसरा ग्रुप, ४०० पैकी १९३. चारही पेपरांत चाळीसच्या वर होते, पण ग्रुपला तेव्हा एकूण २०० लागायचे. सात मार्कांनी राहिला. दुसऱ्यांदा.

तेवढ्यात मैत्रिणीचा मेसेज. तिचे दोन्ही ग्रुप निघाले होते. अकरावीपासून आम्ही एका बाकावर. मी अभिनंदन लिहिलं, पुढं तीन बदाम टाकले आणि टाकीला टेकून रडले. घरात चिखल भरलेल्या माणसांमध्ये सात मार्कांसाठी रडायचीसुद्धा लाज वाटत होती. मावशीनं जिन्यातून हाक मारली, "ये गं खाली, चहा गार व्हायलाय." तिनं काही विचारलं नाही, ते बरं झालं.

पहिला ग्रुप आधीच निघाला होता आणि आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, संपूनही मी त्याच ऑफिसात काम करत होते. मैत्रीण मात्र पुण्याला क्लास लावून पूर्ण वेळ अभ्यास करायची. मे महिन्याच्या परीक्षेसाठी मी तिचंच टाइमटेबल उतरवून घेतलं होतं: पहाटे चारला उठणं, दिवसाला बारा तास, तिच्याच नोट्स. (ती परीक्षा लोकसभा निवडणुकीमुळं २७ मेपासून झाली, तो वाढीव महिनाही मी तिचा किती अभ्यास झाला हे विचारण्यात घालवला.) मला पहाटे चारला अक्षरं दिसत नाहीत. मी रात्रीची. हे आईला माहीत होतं, पण मला पटायला दोन अटेम्प्ट गेले.

पूर ओसरल्यावर ऑफिसात अभ्यासाला वेळच उरला नाही. गणपती पेठेतल्या आमच्या एका किराणा व्यापाऱ्याचं गोदाम छातीएवढ्या पाण्यात होतं. साखर विरघळलेली, डाळी फुगून पोती फाटलेली, आणि त्या आंबूस वासात शेठ खरेदीच्या बिलांची फाइल पिळून माझ्या हातात देतात, "ताई, एवढंच राहिलंय." ती बिलं आम्ही ऑफिसच्या गच्चीवर वर्तमानपत्रावर पसरली, प्रत्येकावर खडा ठेवून. शाई पसरलेली, नंबर उलट्या बाजूनं उजेडात धरून वाचायचे. विम्याच्या दाव्यासाठी पुराच्या दिवशीचा साठा काढायचा होता. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, त्यातून विक्रीची मूळ किंमत वजा. सीए इंटरला हे गणित मी घोकून सोडवलं होतं. इथं उत्तर चुकलं तर शेठचं दुकान उघडणार नव्हतं. माल वीस लाखांचा, विमा दहाचा, नुकसान बाराचं. मालाच्या निम्म्याच किमतीचा विमा, म्हणून सरासरीच्या कलमानं भरपाईही निम्मीच, मिळणार सहाच. शेठना हे सांगायचं काम ऑफिसच्या सीए सरांनी माझ्यावर टाकलं. वर, नष्ट झालेल्या मालावरचं जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची घेतलेली वजावट, तीही परत करावी लागते. तेही मीच सांगितलं.

एका संध्याकाळी सर म्हणाले, "दुसऱ्याची जमा आपल्या खतावणीत ओढू नये. टॅली होत नाही." बोलायला काय जातंय! समोरच्या सीएकडं किती क्लायंट गेले हे सरांनाही तोंडपाठ असायचं.

खरा उपयोग झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. निकालानंतर महिन्याच्या आत अर्ज केला तर तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत मिळते, पेपरला ५०० रुपये. मी कॉस्टिंगची, म्हणजे खर्चाच्या हिशेबाच्या पेपरची, मागवली. ४१ मार्कांची. मैत्रिणीचे आठही पेपरांचे मार्क मला पाठ होते. स्वतःचा पेपर मात्र पहिल्यांदाच नीट वाचत होते. पहिल्या प्रश्नाला सुबक पट्टीनं आखलेले तक्ते, सव्वा पान नुसती खाडाखोड, पुन्हा नवा तक्ता. शेवटचा प्रश्न अर्धवट. तो मला येत होता! कमी पडला होता तो वेळ, आणि तो मी पट्टीनं रेघा मारण्यात घालवला होता.

मग टाइमटेबल असं काही केलंच नाही. ऑफिसातून आल्यावर रात्री नऊ ते एक. रविवारी घड्याळ लावून तीन तासांचा पूर्ण पेपर, पट्टी कपाटात. वेळ संपला की पेन खाली, वाक्य अर्धं असलं तरी. पहिल्या दोन रविवारी शेवटचा प्रश्न राहिलाच. तिसऱ्या रविवारी तिथवर पोचले. घराच्या भिंतींना ओल होती, वह्यांना बुरशीचा वास यायचा, पण खोली माझी होती. मैत्रिणीला मी सरळ सांगितलं, तीन महिने फोन करणार नाही. ती थोडी रुसली.

१६ जानेवारी २०२० ला निकाल लागला. २११. सरांनी शेजारच्या टपरीवरून चहा मागवला आणि दहा मिनिटांनी एका क्लायंटची फाइल पुढं सरकवली.

आता विश्रामबागला माझी ऑफिसची एक खोली आहे, भाड्याची. पहिली फी तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्यानं दिली, वर पाच किलोची पेटी. मैत्रीण मुंबईत मोठ्या कंपनीत आहे. तिचा पगार मी एकदाच विचारला. परवा तिनं नव्या फ्लॅटच्या बाल्कनीतला फोटो पाठवला, मागं समुद्र. जळले, खोटं कशाला बोलू. फोन पालथा ठेवला. साडेचारला विट्याहून क्लायंट यायचा होता आणि त्याच्या मार्चच्या बिलांचा अजून पत्ता नव्हता.